जास्त टॉर्क म्हणजे जास्त ओढ? हेवी-ड्युटी पिकअपविषयीच्या एका विधानाचा प्रतिवाद

अमेरिकेतील हेवी-ड्युटी डिझेल पिकअपची तुलना निघाली की एक विधान हमखास पुढे केले जाते. त्याचा आशय असा : ओढण्याचे काम टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) करतो, अश्वशक्ती केवळ वेगासाठी असते, म्हणून ज्या गाडीचा टॉर्क जास्त तीच जास्त ओढणार, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले कमिन्सचे इंजिन या कामात व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या) इंजिनांपेक्षा मुळातच सरस आहे, आणि एकदा डिझेल गाडी घेतली की कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याइतका ट्रेलर निर्धास्त जोडावा. या तिन्ही कलमांत थोडे थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच विधान इतके टिकले आहे. मात्र त्यावरून गाडी निवडणारा माणूस बहुधा चुकीच्या आकड्याकडे पाहत असतो.

पहिले कलम तपासण्यासाठी २०२४ या एकाच मॉडेल वर्षातील दोन गाड्या घेऊ. रॅम ३५०० मधील ६.७ लिटरच्या हाय आउटपुट कमिन्स इंजिनाची शक्ती ४२० अश्वशक्ती आणि टॉर्क १,०७५ पौंड-फूट (सुमारे १,४५८ न्यूटन-मीटर) आहे. शेवरले सिल्व्हराडो ३५०० मधील ६.६ लिटरच्या ड्युरामॅक्सची शक्ती ४७० अश्वशक्ती, पण टॉर्क ९७५ पौंड-फूट (सुमारे १,३२२ न्यूटन-मीटर) आहे. विधान खरे असेल तर जड ट्रेलर घेऊन लांब चढ चढताना रॅम पुढे निघायला हवी, कारण तिचा टॉर्क शंभर पौंड-फुटांनी जास्त आहे.

चढावर इंजिनाकडून नेमके काय मागितले जाते ते साध्या गणिताने कळते. गाडी आणि ट्रेलर मिळून ३०,००० पौंड, म्हणजे साडेतेरा टनांहून थोडे अधिक वजन आहे आणि चढ सहा टक्क्यांचा आहे असे धरले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सतत १,८०० पौंडांचा जोर लावावा लागतो. ताशी ६० मैलांच्या वेगाने हा जोर लावत राहायला २८८ अश्वशक्ती लागते आणि तीही प्रत्यक्ष चाकांवर. टायरांचा रोध, उंच ट्रेलरवर आदळणारा वारा आणि गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत होणारी घट हे सारे वेगळेच. या हिशेबात इंजिनाचा कमाल टॉर्क कुठेही येत नाही. येते ती शक्ती, म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. पौंड-फुटांतील टॉर्कला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी गुणून ५,२५२ ने भागले की अश्वशक्ती मिळते. त्यामुळे या दोन राशींपैकी एक ‘ओढण्याची’ आणि दुसरी ‘पळण्याची’ अशी वाटणी करणे हीच मूळ चूक आहे. वरील दोन्ही इंजिने आपली कमाल शक्ती मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर देतात. सूत्र उलटे लावले तर त्या फेऱ्यांवर कमिन्सचा टॉर्क सुमारे ७८८ आणि ड्युरामॅक्सचा सुमारे ८८२ पौंड-फूट भरतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गिअरबॉक्स इंजिनाला कमाल शक्तीच्या आसपासच्या फेऱ्यांत नेतो आणि तिथे माहितीपत्रकावर कमी टॉर्क असलेली गाडीच जास्त टॉर्क देत असते. वजन सारखे असेल तर चढाच्या माथ्यावर ती आधी पोहोचेल.

यातील तथ्याचा भागही सांगायला हवा. १,८०० फेऱ्यांवर कमिन्स सुमारे ३६८ अश्वशक्ती देते, तर ड्युरामॅक्स आपल्या कमाल टॉर्कच्या बिंदूवर, १,६०० फेऱ्यांवर, २९७ च्या आसपास. म्हणजे सौम्य चढावर रॅमला खालच्या गिअरमध्ये जावे लागण्याची शक्यता कमी असते आणि इंजिन कमी फेऱ्यांत, शांतपणे काम करत राहते. दिवसभर ट्रेलर ओढणाऱ्याला हा गुण मोलाचा वाटेल, आणि तो वाटणे योग्यच आहे. पण तो सुखाचा प्रश्न झाला, ओझ्याच्या मर्यादेचा नव्हे.

यावर एक उत्तर ठरलेले असते : चढाचे राहू द्या, जागेवरून जड ट्रेलर हलवायला तरी टॉर्कच लागतो. लागतो, पण चाकांवरचा. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये गिअरबॉक्स आणि ॲक्सल असे दोन गुणक बसलेले असतात. सिल्व्हराडोमधील ॲलिसनचे नाव असलेल्या दहा गिअरांच्या गिअरबॉक्सचे पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.५४ आणि ॲक्सलचे ३.४२ आहे, त्याच वर्षीच्या हाय आउटपुट रॅममधील आयसिनच्या सहा गिअरांच्या गिअरबॉक्सचे पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.७५. रॅमला ३.७३ चा ॲक्सल असेल, तर पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलवर सुमारे १५,०४० पौंड-फूट टॉर्क पोहोचतो आणि सिल्व्हराडोत सुमारे १५,१४०. शंभर पौंड-फुटांची ती गाजलेली आघाडी चाकांपर्यंत येईतो संपलेली असते. ४.१० चा ॲक्सल घेतला तर रॅम स्पष्टपणे पुढे जाते, पण ते ॲक्सलचे श्रेय आहे. गाडी नोंदवताना ॲक्सलच्या रकान्यावर नजरही न टाकणारा माणूस टॉर्कच्या आकड्यावर तासभर वाद घालतो, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

दुसरे कलम सहा सिलिंडरच्या रांगेचे. महाराष्ट्रातील वाचकाला कमिन्स हे नाव परके नाही. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. १९८९ मध्ये डॉजच्या (म्हणजे आजच्या रॅमच्या) पिकअपमध्ये आलेले ५.९ लिटरचे बी-मालिकेतील इंजिन आणि नव्वदच्या दशकात जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटांच्या ट्रकमध्ये बसू लागलेले इंजिन ही एकाच कुळातली आहेत, आणि फलटणलाही कमिन्सचे मोठे उत्पादनकेंद्र आहे. या इंजिनाविषयीचा आदर रास्त आहे. एका रांगेतील सहा सिलिंडरांचे संतुलन स्वभावतःच उत्तम असते, सिलिंडर हेड एकच लागते आणि क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगांचा आधार मिळतो. परंतु ‘म्हणून टॉर्क जास्त’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. फोर्डच्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक व्ही-८ ची हाय आउटपुट आवृत्ती २०२३ पासून ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पौंड-फूट टॉर्क देते. दोन्ही इंजिनांचे आकारमान ६.७ लिटर, कमिन्सचा स्ट्रोक (पिस्टनचा सिलिंडरमधील प्रवास) १२४ मिलिमीटर आणि फोर्डचा १०८. लांब स्ट्रोकमुळे टॉर्क वाढतो हे खरे असते तर निकाल उलटा लागायला हवा होता. टॉर्क ठरतो तो मुख्यतः इंजिनाचे आकारमान आणि सिलिंडरमधील सरासरी दाब यांवरून, आणि टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात तो दाब किती वाढवायचा हे निर्माता भागांच्या आयुष्याकडे आणि गिअरबॉक्सच्या सहनशक्तीकडे पाहून ठरवतो.

टिकाऊपणाविषयी इतकेच म्हणता येईल की तो केवळ मूळ इंजिनावर अवलंबून नसतो. २०१९ आणि २०२० च्या रॅममध्ये बसवलेला उच्च दाबाचा इंधनपंप कंपनीला गाड्या परत बोलावून बदलून द्यावा लागला होता आणि त्यात इंजिनाच्या ब्लॉकचा काही दोष नव्हता.

तिसरे कलम सर्वांत धोकादायक आहे, कारण पहिल्या दोहोंमुळे फार तर वाद होतो, पण याच्यामुळे माणसे खरोखर जादा वजन घेऊन रस्त्यावर उतरतात. सिल्व्हराडो २५०० आणि ३५०० या दोन्हींत तेच ड्युरामॅक्स इंजिन आणि तोच ९७५ पौंड-फूट टॉर्क असतो. तरीही २५०० ची जाहीर कमाल ओढक्षमता बावीस हजार पौंडांच्या आसपास थांबते आणि दुहेरी मागच्या चाकांच्या ३५०० ची ३६,००० पौंडांपर्यंत जाते. क्षमता टॉर्कवर ठरत असती तर हे शक्यच नव्हते. फरक आहे तो चौकट, स्प्रिंगा, ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांचा.

शिवाय जाहीर केलेला कमाल आकडा एका विशिष्ट गाडीचा असतो. फोर्डचा ४०,००० पौंडांचा आकडा एफ-४५० चा आणि गूजनेक (गाडीच्या मागच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या) ट्रेलरचा आहे, कुटुंब घेऊन जाणाऱ्या चार दारी, फोर-व्हील-ड्राइव्ह, चामड्याच्या आसनांच्या एफ-२५० चा नव्हे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे ओढक्षमता ठरवण्याचे मानक आल्यापासून या आकड्यांना शिस्त लागली हे मान्य केले पाहिजे. ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढावर, बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान असताना, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, एकेरी मागच्या चाकांच्या गाडीने ताशी ४० मैलांच्या आणि दुहेरी चाकांच्या गाडीने ३५ मैलांच्या खाली न येता चढायचे असते. बारा टक्क्यांच्या चढावर जागेवरून पुन्हा पुन्हा निघून दाखवायचे असते. पण त्या मानकात गाडीतील माणसे दोनच धरली आहेत आणि प्रत्येकाचे वजन १५० पौंड, म्हणजे ६८ किलो.

चढाइतकाच उताराचाही विचार व्हायला हवा. मघाचा सहा टक्क्यांचा चढ उतरताना तीच २८८ अश्वशक्ती उलट बाजूने गाडीला ढकलत असते आणि ती वारा, टायर, इंजिन ब्रेक व चाकांचे ब्रेक यांनाच गिळावी लागते. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर ११,१५८ फूट उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडणाऱ्याला माहितीपत्रकातील टॉर्कचा काहीही उपयोग नसतो. तिथे टर्बोची पाती मिटवून, म्हणजे बाहेर पडणारा धूर अडवून, इंजिन किती रोध देते आणि ट्रेलरचे ब्रेक नीट जुळवले आहेत की नाहीत, एवढेच महत्त्वाचे ठरते.

सामान्य खरेदीदाराची मर्यादा मात्र बहुतेक वेळा याच्याही आधी येते. कमिन्स इंजिनाच्या रॅम २५०० चे मान्य कमाल एकूण वजन १०,००० पौंड आहे; ही रेषा अभियांत्रिकीइतकीच वर्गीकरणाचीही आहे, कारण त्याच्या वर संघराज्याचे व्यावसायिक वाहनांचे नियम लागू होऊ शकतात. चार दारांची, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल गाडी रिकामीच पावणेआठ हजार पौंडांची भरली, तर उरतात २,२५० पौंड. फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे मागच्या हौद्यातील जोडणीला (हिचला) पिनने जोडला जाणारा ट्रेलर, आपल्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग पिनद्वारे गाडीवर टाकतो. भरलेला ट्रेलर १४,००० पौंडांचा आणि पिनवरचा भार वीस टक्के धरला तर २,८०० पौंड झाले. चालक अजून आत बसलेला नाही, हिचचे वजन धरलेले नाही, आणि गाडी साडेपाचशे पौंडांनी जादा भरली आहे. कागदावर मात्र तीच गाडी वीस हजारांच्या आसपास ओढू शकते. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीपासून सुरुवात करावी, तिच्यावरील कमाल एकूण वजनातून भरलेल्या टाकीसह गाडीचे प्रत्यक्ष वजन वजा करावे आणि ते वजन अंदाजाने न धरता महामार्गालगतच्या ट्रक थांब्यावरील काट्यावर करून घ्यावे. ट्रेलर जोडून पुन्हा एकदा काट्यावर गेले की प्रत्येक ॲक्सलवरचा भार वेगळा छापून मिळतो, आणि मागच्या ॲक्सलचा आकडा त्याच पट्टीवरील मर्यादेशी ताडून पाहता येतो.