‘जोतिबाच्या गर्दीत वाढलोय आम्ही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, मलेशियातल्या बाटू केव्हज या गुहामंदिरात भरणाऱ्या थाईपुसम या तमिळ भाविकांच्या यात्रेवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की चैत्र यात्रेत सासनकाठीखाली वाढलेल्या कोल्हापूरकराला गर्दी शिकवू नका, उगाच लोकांना घाबरवता, आणि ‘पासपोर्ट हॉटेलात ठेवा’ हा सल्ला तर साफ चुकीचा आहे.

पासपोर्टचं तुमचंच बरोबर. तिथले पोलीस परदेशी माणसाकडे कागदपत्रं मागू शकतात आणि झेरॉक्सवर भागेलच असं नाही. मूळ पासपोर्ट शर्टाच्या आत कमरेच्या पट्ट्यात आणि झेरॉक्स वेगळ्या खिशात, असं आता लेखात दुरुस्त केलंय.

गर्दीचं मात्र पटत नाही. जोतिबावर तुम्ही सुरक्षित असता, कारण कुठली वाट कुठं निघते हे पायांना ठाऊक असतं आणि ‘ओ, मागं सरका की’ म्हटलं की मागचा माणूस सरकतो. बाटू केव्हजला यातलं काहीच हाताशी नसतं. म्हणून दोन शब्द पाठ करून जा: तमिळमध्ये ‘निल्लुंगा’ म्हणजे थांबा, मलयमध्ये ‘तोलोंग’ म्हणजे मदत करा. इमर्जन्सी नंबर 999.

खरा धोका पायऱ्यांवर आहे. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, 42.7 मीटर उंच मूर्तीशेजारून 272 पायऱ्या गुहेत चढतात, चांगल्याच उभ्या. भाविक डोक्यावर दुधाचे कलश घेऊन त्या चढतात आणि दूध सांडतं. ओल्या पायरीनं काय होतं हे आपल्याला वाईच्या मांढरदेवीनं दाखवलंय. 25 जानेवारी 2005 ला नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली आणि त्या दिवशी अडीचशेहून अधिक जीव गेले. तेही वर्षानुवर्षं यात्रेला जाणारेच लोक होते.

म्हणूनच लेखात ‘कोल्हापुरी घालू नका’ असं लिहिलं. कापशी या कोल्हापुरी चपलेचा तळ चामड्याचा, ओल्या सिमेंटवर तो पकड घेत नाही, आणि टाचेला पट्टा नसल्यानं गर्दीत कुणाचा पाय पडला की चप्पल मागंच राहते. ती घ्यायला माणूस वाकतो. खाली वाकलेला माणूस मागच्या लोंढ्याला दिसत नाही. टाचेला घट्ट पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घाला. रथाच्या वाटेवर फोडलेल्या नारळांच्या करवंट्या पडलेल्या असतात, त्यांच्यापासूनही पाय वाचतो. आणि काहीही पडलं, अगदी मोबाईल पडला, तरी वाकायचं नाही.

गर्दी कधी बिघडते हे मोजता येतं. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असतील तर चालता येतं. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, लाटेबरोबर ढकलला जातो. मोजायला वेळ नसतो, म्हणून खूण एकच: दोन्ही खांदे दुसऱ्यांना टेकलेत आणि हात तोंडापर्यंत नेता येत नाही. पण ही खूण पटेपर्यंत थांबू नका, खांदे टेकायला लागले की बाहेर पडा. 2022 मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलच्या इतेवोन भागात उतरत्या अरुंद गल्लीतल्या चेंगराचेंगरीत 159 जणांचा जीव गेला. अशा चेंगराचेंगरीत कित्येकदा माणूस पायाखाली सापडत नाही, छाती दाबली जाऊन उभ्याउभ्याच गुदमरतो. सापडलातच तर दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरा, फासळ्या हलायला तेवढी जागा राहते. लाटेला उलटा रेटा देऊ नका. ती ओसरली की तिरकं, एकेक पाऊल कडेला सरका. मात्र भिंतीला किंवा रेलिंगला चिकटून राहू नका, दाब तिथंच जास्त बसतो.

सासनकाठीशी तुलना केलीत, पण तिची उंची लांबून दिसते. कावडी, म्हणजे भाविक नवसासाठी खांद्यावर घेतात तो सजवलेला सांगाडा, आडवी पसरलेली असते आणि कावडीवाला जागेवर गिरकी घेतो. दोन हात लांब राहा, फोटोसाठी पुढे घुसू नका.

‘मोबाईल असतोच की’ असंही तुम्ही म्हणालात. लाखभर माणसं एका टॉवरवर आली की कॉल लागत नाही. त्यातल्या त्यात एसएमएस जातो. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, पायऱ्यांपासून लांबची. पोरांच्या हातावर बॉलपेननं +91 सकट नंबर लिहा, हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर इंग्रजीत खिशात द्या.

पाण्याबरोबर ओआरएसची एक-दोन पाकिटं घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा. तिथल्या दमट हवेत घाम इतका जातो की नुसत्या पाण्यानं चक्कर थांबत नाही. आणि परतताना केटीएम कोम्युटर या तिथल्या लोकल गाडीच्या स्टेशनवर सगळ्यांबरोबर धावू नका. आलेल्या पहिल्या गाडीला सर्वात जास्त रेटारेटी असते, ती जाऊ द्या.