स्लो मोशनमधले भाऊ

महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागात साधं चालणं बंद झालं. जो तो इच्छुक स्लो मोशनमध्ये चालायला लागला. कडक पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, मागे दहा-बारा पोरं, त्यांच्या मागे काळी स्कॉर्पिओ आणि संगीत असं की भाऊ थेट पानिपतावर निघालेत. निघालेले असायचे आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या चेंबरकडे.

त्या चेंबरसाठी मी भाऊंच्या संपर्क कार्यालयात जाऊन आलो होतो. दुसऱ्याच दिवशी भाऊ हजर! मला भरून आलं. पण चेंबरकडे कोणी बघेना, सगळे उजेडाकडे बघत होते. मोबाईल हलू नये म्हणून वापरायचा दांडा, म्हणजे गिंबल, धरलेला एक पोरगा मला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." मग मला आपादमस्तक न्याहाळून, "नाही नाही, थांबा. तुम्ही अगदी सामान्य नागरिक वाटताय."

चेंबरचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. भाऊंनी कमरेवर हात ठेवून आत पाहिलं. मग चेहरा कॅमेऱ्याकडे गेला नाही म्हणून पुन्हा पाहिलं. त्या वासात एवढा वेळ गंभीर राहणं सोपं नाही, हे भाऊंच्या बाजूने सांगायला हवं. मला वाक्य दिलं होतं, "भाऊंनी शब्द पाळला."

"अरे पण काम कुठे झालंय अजून?"

"काका, ते एडिटमध्ये होईल."

संधी साधून मी विचारलं, वरच्या एवढ्या इमारतींना परवानगी दिली, त्यांचं सांडपाणी या जुन्या लायनीत मावणार कसं? भाऊंनी पोराकडे पाहिलं. पोरगा म्हणाला, "पाणी कुठं मावेल ते माहीत नाही काका, पण हे तीस सेकंदांत मावत नाही. पहिल्या तीन सेकंदांत माणसाचं बोट थांबलं पाहिजे." खड्डा, झाकण, आजीच्या पाया पडणं यावर बोट थांबतं. अंदाजपत्रकावर कोणाचं थांबलंय?

रात्री रील आलं. मी त्यात पाऊण सेकंद होतो. तो पाऊण सेकंद मी पुन्हा पुन्हा पाहिला, कारण टक्कल एवढं दिसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मोबाईलने त्याचा अर्थ लावला की हा गृहस्थ भाऊभक्त आहे. तेव्हापासून भाऊ वारीत, भाऊ जिममध्ये, भाऊ जेसीबीवरून उधळलेल्या फुलांत. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा हा प्रकार संपला असं मला वाटलं होतं. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि रिकामी जागा भरून निघाली.

बायकोच्या मोबाईलवर मात्र भाऊ औषधालाही नव्हते. तिथे समोरच्या पॅनलच्या ताई होत्या, हळदीकुंकू होतं, पैठणीची सोडत होती. आणि एका रीलमध्ये ताई कमरेवर हात ठेवून आमच्याच चेंबरमध्ये बघत होत्या! वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराच्या मोबाईलवर तर चेंबरच नव्हतं, नुसतं "धर्म संकटात" होतं. एका जिन्यावर तीन निवडणुका. पूर्वी सभेत थाप मारली तरी ती सगळ्या गल्लीला एकदम ऐकू यायची आणि सकाळी टपरीवर तिची सालटी निघायची. आता टपरीवर भांडायचं कशावर? ज्याची थाप त्याच्या खिशात.

जाहीर प्रचार थांबला, भोंगे गप्प झाले. भाऊंच्या पेजवर फक्त जोडलेले हात उरले. पण "भाऊप्रेमी", "भाऊ समर्थक", "भाऊ एके भाऊ" ही पेजेस रात्रभर जागी होती. खर्चाच्या हिशेबात हे धरता का, असं मी भाऊंना विचारलं. "पोरांचं प्रेम आहे, काका. प्रेमाचा काय हिशेब?"

रुमानियात २०२४ साली जॉर्जेस्कू नावाच्या उमेदवाराने प्रचाराचा खर्च शून्य दाखवला होता. टिकटॉकवर धुमाकूळ घालून तो अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत पहिला आला. ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. प्रेमाचा हिशेब तिकडे मागतात म्हणायचे.

१५ जानेवारी २०२६ ला केंद्रावर गेलो. प्रभाग चार जणांचा, मतं चार द्यायची. भाऊ 'ब' जागेच्या यादीत सापडले. पण अ, क आणि ड? भाऊंच्या पॅनलमधले बाकीचे तिघे प्रत्येक रीलमध्ये मागून चालत होते म्हणे, पण धूसर. समोरच्या पॅनलचेही ताई सोडून सगळे धूसरच असणार. यंत्रावर ना संगीत, ना गॉगल, नुसती नावं आणि चिन्हं. मी नावांवर बोट ठेवलं आणि सवयीने खालून वर सरकवलं.

बीप काही वाजेना. माझ्यासारखे सकाळपासून बरेच येऊन गेले असावेत, कारण आडोशापलीकडून अधिकारी मान वर न करता म्हणाले, "काका, ते सरकत नाही. बटण दाबा."