"बाबा, तुम्ही काय दाबलंत?"

रात्रीचे पावणेबारा झालेत, उद्या लवकर उठायचंय, तरी लिहितेय कारण सकाळी जे ऐकलं ते डोक्यातून जातच नाहीये.

विषय फालतू वाटेल. आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा आवाज. गेले अकरा दिवस कधी टुडुंक, कधी डुटुंग, कधी नुसतंच बारीक पीं, आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही. ना विंडो उघडत, ना मेसेज येत, ना कोपऱ्यात काही लुकलुकत. मान वर करून बघेपर्यंत सगळं शांत, वॉलपेपरवरचा डोंगर आपला जागच्या जागी. लहानपणी आपण लोकांच्या दाराची बेल वाजवून पळायचो ना, सेम तसं. आपण निदान जिन्यात खिदळताना सापडायचो तरी.

तर आज सकाळी शेवटी एका कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं. स्क्रीन शेअर केली, त्याने चार मिनिटं इकडेतिकडे क्लिक केलं आणि म्हणाला मॅडम विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. ते ठीक आहे, ते वाक्य ही मंडळी झोपेतही म्हणतात. पण पुढे म्हणाला, "घरात वयस्कर कोणी वापरतं का? मग तेच. काहीतरी दाबलं असणार."

फोन स्पीकरवर होता. बाबा समोर बसले होते. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

माझं डोकं असलं फिरलं. फोन ठेवला, तोंडातल्या तोंडात त्याला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं, आणि मग हळूच आठवलं की पहिल्या दिवशी हेच वाक्य मी म्हटलं होतं. शब्दश: हेच. बाबा एका बोटाने त्यांचं ते आठवणींचं लिखाण टाइप करत होते, टुडुंक झालं, आणि मी आतल्या खोलीतून ओरडले, "बाबा, तुम्ही काय दाबलंत?" ते म्हणाले काही नाही गं. मी म्हटलं काहीतरी दाबलंच असणार, उगीच कसा वाजेल. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर दादाने हसण्याच्या तीन स्मायली टाकून लिहिलं की बाबांना वेगळं अकाउंट करून दे, म्हणजे त्यांनी काही बिघडवलं तरी त्यांचंच बिघडेल. दादा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला काही विचारायचंच नाही असं मी दर वर्षी ठरवते.

मला सांगा, जो आवाज करतो त्याने आपलं नाव सांगायला नको? एवढंच म्हणणं आहे माझं. विंडोजमध्ये व्हॉल्यूम मिक्सर म्हणून एक प्रकार आहे, आवाज येत असताना तो उघडा ठेवला की कुठल्या प्रोग्रॅमची हिरवी पट्टी हलतेय ते दिसतं. ब्राउझर असेल, मेल असेल, कळतं. मी तीन दिवस तो उघडा ठेवून डोळे लावून बसले. पट्टी हलली. खाली नाव काय? "सिस्टिम साउंड्स". म्हणजे घरात चोरी झाली आणि पोलीस सांगतात की चोर माणूस होता.

आणि हे असं नाही हां की विंडोजवाल्यांना आवाजाची किंमत नव्हती. विंडोज ९५ सुरू होताना जी धून वाजायची ती ब्रायन इनोसारख्या नावाजलेल्या संगीतकाराकडून करून घेतली होती, त्यानेच नंतर सांगितलं की ती केली होती मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवर. काही सेकंदांच्या स्वागताला एवढा थाट, आणि रात्रंदिवस टुडुंक करणाऱ्याच्या पुढे नाव लिहायला यांच्याकडे जागा नाही. पूर्वी टेलिप्रिंटर असायचे त्यात खरी घंटा होती. कॉम्प्युटर अक्षरं ज्या आकड्यांनी ओळखतो त्या आस्की कोडमध्ये सात नंबरचा कोड अजूनही 'बेल'च आहे. पण तिकडे घंटी वाजली की तिच्याच खाली कागदावर निरोप छापलेला असायचा, ऑपरेटर यायचा आणि वाचायचा. आपण घंटी ठेवली आणि कागद काढून टाकला, झालं.

हो, मान्य, आवाज हवेतच, स्क्रीनकडे न बघणाऱ्यालाही कळायला हवं. आणि हो, साउंड सेटिंगमध्ये "नो साउंड्स" निवडलं की विंडोजचे आवाज गप्प होतात, माझ्या निम्म्या मैत्रिणींनी तेच सुचवलं. करा की. पण मग बाबांवरचा आळ तसाच राहतो ना. माझ्यासाठी तो मुद्दा होता. खरं सांगायचं तर आज सकाळनंतर झाला, आधी नव्हता.

अकरा दिवसांत मी काय काय केलं ते सांगते, हसू नका. ब्राउझरची नोटिफिकेशनची यादी उघडली तर सव्वीस साइट्सना "अलाउ" दिलेलं होतं, रेसिपी, राशी, कुठलंतरी बुटांचं दुकान, आणि ते सगळे अलाउ माझे होते, बाबांचा एकही नाही. बंद केले. तेव्हा एक टिंक गेला, म्हणजे तो माझाच होता. मग वाटलं बाबांकडून ते टॉगल कीज चालू झालं असेल, नम लॉक पाच सेकंद दाबून धरलं की ते चालू होऊ शकतं आणि मग कॅप्स लॉकलाही बीप येते. नव्हतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही, उघडला तर लाल-पिवळ्या खुणांचा नुसता पाऊस, मी हादरले, मग कळलं की ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही तो तसाच दिसतो. (फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय" म्हणणारे भामटे लोकांना हेच पान उघडायला लावून घाबरवतात. सगळ्यांनी आपापल्या आईबाबांना सांगून ठेवा.) स्पीकर बंद केले तर टुडुंक थांबलं पण ते पीं थांबलं नाही, म्हणून वाटलं की मदरबोर्डवर बारीक स्पीकर असतो तो गरम झाल्यावर वाजतोय, तर कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढली. बोळाच निघाला. पीं चालूच.

आणि या अख्ख्या वेळात बाबा काय करत होते? बाबा एका जुन्या पाकिटाच्या पाठीमागे वेळा लिहीत होते. आवाज आला की घड्याळ बघायचं आणि लिहायचं. मला दाखवलंही होतं चौथ्या-पाचव्या दिवशी. मी बघितलं, सगळ्या वेळा ते स्वतः बसलेले असतानाच्या, आणि मी काय म्हटलं असेन? "बघा, म्हणजे तुमच्याकडूनच होतंय."

आत्ता टाइप करताना लाज वाटतेय.

आज दुपारी, त्या माणसाचा राग डोक्यात असताना, मी माझी मोबाइलमधली यादी काढली आणि त्यांचं पाकीट शेजारी ठेवलं. माझ्या यादीत जवळजवळ दुप्पट वेळा. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे रात्री दोन चाळीसचं काय आहे? रात्री तर मशीन बंद असतं." मी म्हटलं स्लीपमधून उठत असेल. ते म्हणाले, "मी बंद करतो गं. शटडाउन. आणि तू दोन-दोन आवाज का लिहिलेत? मला तर एकच येतो."

एकच येतो.

दोन आवाज होते. दोन वेगळ्या गोष्टींचे. मी अकरा दिवस एकाच चोराला शोधत होते.

पहिला पटकन सापडला. विंडोज आणि आर एकत्र दाबून एमएमएसवायएस डॉट सीपीएल लिहिलं की साउंडची जुनी खिडकी उघडते, त्यात "साउंड्स" टॅबमध्ये सगळ्या आवाजांची नावं आहेत, एकेकावर जाऊन "टेस्ट" दाबायचं. ॲस्टरिस्क, नाही. क्रिटिकल स्टॉप, नाही. डिव्हाइस डिसकनेक्ट दाबलं आणि बाबा खुर्चीतून म्हणाले, "हाच!" वरून खाली उतरणारे दोन सूर म्हणजे काहीतरी निघालं, खालून वर चढणारे दोन सूर म्हणजे काहीतरी लागलं. इतकं सोपं, आणि हे आम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही. मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी, उघडा ठेवला आणि बाबांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं लिहा. ते बसले. बायफोकल चष्मा, त्यामुळे बसल्याबसल्या दोन्ही हातांनी मॉनिटर मागे कलवतात, रोजचंच आहे. मॉनिटरच्या डोक्यावर कॅमेरा चिमटलेला, त्याची वायर टेबलामागून यूएसबी हबमध्ये, म्हणजे जास्तीची सॉकेटं असलेल्या डबीत. मॉनिटर कलला, वायर ताणली गेली. मग त्यांचं ते एक बोट, टायपरायटरवर शिकलेलं, ठाक ठाक ठाक, टेबल हलतंय, आणि यादीतून "कॅमेराज" ही ओळ गेली. टुडुंक. परत आली. डुटुंग. मी मागे वाकून बघितलं तर यूएसबीची पिन सॉकेटमधून अर्धी बाहेर, तिरकी, नखाएवढी चांदीची कड दिसतेय.

म्हणजे त्या माणसाच्या म्हणण्यानुसार मी विंडोज फॉरमॅट मारून पंधरा वर्षांचे फोटो धोक्यात घातले असते आणि पिन तशीच तिरकी राहिली असती. कधीकधी फॉरमॅटने फरक पडतो, माहितीये मला. यात नसता पडला.

आणि बाबांनी काहीही दाबलं नव्हतं. मॉनिटर मागे केला होता, कारण त्यांना दिसत नाही.

दुसरा आवाज, ते पीं, शोधायला मी कॉम्प्युटरची वायरच काढली. अर्धा-पाऊण तास जमिनीवर बसून राहिले. आणि आलं. टेबलाखालून. यूपीएस! बॅटरी संपत आलीये, तो स्वतःची तपासणी करतो आणि नापास झाला की दर काही तासांनी थोडा वेळ चिवचिवतो. अकरा दिवस माझ्या पायापाशी. मला वाटलं मी मूर्ख आहे, पण वाचल्यावर जरा बरं वाटलं. जाड आवाज दोन कानांना किंचित पुढेमागे पोचतो त्यावरून दिशा कळते, अगदी बारीक असेल तर एका कानाला मोठा आणि दुसऱ्याला लहान येतो त्यावरून कळते, आणि साधारण दोन-तीन हजार हर्ट्झची आखूड एकसुरी बीप या दोन्हींच्या मधे सापडते, वर भिंतींवरून परत येते ती वेगळीच. मान वळवेपर्यंत संपलेली असते. म्हणजे नेमका सापडू नये असाच आवाज आपण धोक्याच्या सूचनेला दिलाय. असो. आता मला त्यावर भांडायचंही नाहीये.

कारण मी त्या यूपीएसचं टेस्टचं बटण दाबून धरलं, ते ठसठशीत चिवचिवलं, आणि मी विजयी मुद्रेने वर बघितलं तर बाबा तसेच शांत बसलेले. म्हणाले, "मग, वाजव ना."

वाजत होतं.

वयाने कान जातात ते आधी बारीक सुरांचे जातात. जाड टुडुंक ऐकू येतं, पीं नाही. आणि म्हणूनच बोलण्यातले स, श, फ गळतात, म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते नाही. वर्षभर बाबा म्हणतायत की तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता, आणि आम्ही म्हणतोय बाबा तुमचं लक्ष नसतं. दादाला हे फोनवर सांगितलं तर बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, तपासणीला मी घेऊन जातो, शनिवारी. ठीक आहे, विचारायचं नाही ते ठरवलेलं या वर्षीपुरतं मागे घेतलं.

संध्याकाळी कॅमेऱ्याला लांब वायर लावली, पिन घट्ट बसवली, यूपीएसच्या नव्या बॅटरीचं सांगून ठेवलं. बाबा जेवणानंतर परत लिहायला बसले, मॉनिटर मागे, ठाक ठाक ठाक. पंधरा मिनिटं, अर्धा तास, काही नाही. मग त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "अगं, तो आवाज खरंच थांबला, की तोही मला यायचा बंद झाला?"

मी मागे जाऊन कॅमेऱ्याची वायर उपसली. टुडुंक.

"आला," म्हणाले, आणि पुढे टाइप करायला लागले.