शहरांचा क्रम ठरवण्याआधी

परवा एका परिषदेच्या तयारीची बैठक होती. तीन शहरं, दहा-बारा दिवस, निरनिराळ्या देशांतून येणारे अभ्यासक. फळ्यावर शहरांची नावं लिहून बाण काढायला सुरुवात झाली तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, क्रम आज ठरवू नका. येणाऱ्यांपैकी कुणाकडे कुठला पासपोर्ट आहे, हे आधी समजू द्या. दोघंतिघं वैतागले. त्यांचं म्हणणं, व्हिसा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, आयोजकांनी त्यात का पडायचं? तिथे मला पुरतं बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

काही वर्षांपूर्वी अशाच एका फिरत्या परिषदेच्या प्रवासाचं काम माझ्याकडे होतं. आधी ब्रसेल्स, मग लंडन, शेवटी अ‍ॅमस्टरडॅम. सभागृहं ज्या तारखांना मिळाली, त्यावरून हा क्रम ठरला होता. एका तरुण संशोधिकेचा शोधनिबंध शेवटच्या शहरात होता. निघायला आठवडा उरला असताना तिने पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘ताई, हे बरोबर आहे ना?’ प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ होतं. मुक्कामाचे दिवस आठ.

म्हणजे ती ब्रसेल्सला उतरू शकत होती. पण शेंगेन क्षेत्र, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, त्यात ब्रिटन नाही. लंडनला निघाली की ती त्या क्षेत्राबाहेर पडली, आणि तिथे तो व्हिसा संपला. अ‍ॅमस्टरडॅमला जायचं तर पुन्हा आत शिरावं लागणार, आणि तो दुसरा प्रवेश झाला. लंडन गाळून ती मधले दिवस ब्रसेल्समध्येच थांबली असती तर? तेही जमत नव्हतं. ब्रसेल्सचे चार आणि अ‍ॅमस्टरडॅमचे चार धरून आठ दिवस मिळाले होते. लंडनचे दिवस आत काढले तर आकडा आठाच्या पुढे जात होता. व्हिसावरच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखा ऐसपैस असतात, त्या बघून पुष्कळजण निर्धास्त होतात. मुक्काम मात्र दिवसांच्या रकान्यातल्या आकड्याने मोजला जातो, आणि त्यात उतरल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही.

तिचा निबंध अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसऱ्याच कुणीतरी वाचला.

त्या संध्याकाळी मी तिला पाठवलेलं निमंत्रणपत्र पुन्हा उघडून बघितलं. ते मीच लिहिलं होतं. ‘परिषदेसाठी ब्रसेल्स, लंडन व अ‍ॅमस्टरडॅम येथे सादर आमंत्रण’ एवढंच. कुठल्या तारखेला कुठे, आणि लंडनहून परत शेंगेनमध्ये यायचंय म्हणून दोन प्रवेश हवेत, हे त्यात कुठेच नव्हतं. अर्ज तपासणाऱ्यासमोर असतात ते फक्त कागद. जे आम्ही लिहिलं नाही, ते त्याला कळायचं कुठून? तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

क्रम ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, लंडन असा असता तर तेवढ्याच व्हिसात सगळं बसलं असतं. पहिल्या दोन शहरांदरम्यान सहसा पासपोर्टची तपासणीच होत नाही, रेल्वेत बसायचं आणि उतरायचं. लंडनच्या गाडीला मात्र ब्रिटनची तपासणी चढण्याआधी स्टेशनातच होते. सभागृहाच्या तारखांची अदलाबदल करायला आम्हाला दोन फोन पुरले असते.

शेंगेन हे मोझेल नदीकाठचं लक्झेंबर्गमधलं छोटं गाव. १९८५ साली तिथे पाच देशांनी करार केला, आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही त्यात नाहीत, आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे संघात नसूनही आहेत. त्यामुळे ‘युरोपातली तीन शहरं’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, नक्की कुठली? डब्लिन असेल तर आणखी एक व्हिसा लागू शकतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यालाही नियम आहे: जिथे मुख्य काम किंवा जास्त मुक्काम, त्या देशाकडे, आणि ते ठरवता येत नसेल तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. व्हिसा एका देशाचा आणि सगळी हॉटेलं दुसऱ्याच देशातली, असं दिसलं की सीमेवर प्रश्न सुरू होतात, आणि पुढच्या अर्जालाही ते नडू शकतं.

सगळ्यात जास्त गणित चुकतं ते पासपोर्टचं, कारण पासपोर्ट एकच असतो. तो एका दूतावासाच्या ताब्यात असताना दुसरीकडे अर्ज करणं अवघड. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. त्यामुळे शेंगेन आधी उरकायचा, पासपोर्ट हातात आला की ब्रिटन, हा क्रम नैसर्गिक आहे. शेंगेनचा निर्णय एरवी १५ दिवसांत होतो, पण कागद वाढवून मागितले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ब्रिटनला साधारण तीन आठवडे. बोटांचे ठसे देण्याच्या अपॉइंटमेंटसाठी जी वाट बघावी लागते ती वेगळीच. एवढी बेरीज केली की निमंत्रणपत्र पाच महिने आधी हातात पडायला हवं, हे आपोआप कळतं. आणि आपण काय करतो? निबंधांची निवड परिषदेच्या दोन महिने आधी जाहीर करतो! ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांना दोन महिने भरपूर झाले. बाकीच्यांना आपण निवडलं असं म्हणतो, पण येऊ देत नाही.

निमंत्रणपत्रात काय हवं, तर पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रत्येक शहरातल्या तारखा, ती व्यक्ती तिथे नेमकं काय करणार आहे, आणि विमान, राहणं, जेवण यांतला कुठला खर्च कोण करणार. कितीदा आत-बाहेर जायचंय हे स्वतंत्र वाक्यात. खाली सही करणाऱ्याचा असा फोन नंबर, जो खरोखर उचलला जातो. बाकी कागदांत ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो, आणि पासपोर्ट शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा व दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. हे बहुतेकांना माहीत असतं.

विमान बदलण्याचं मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली की सामान मधेच उतरवून घ्यावं लागतं, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि तिथे त्या देशाचा व्हिसा नसेल तर प्रवास संपला. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर तेही तसंच. नायजेरिया, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका अशा बारा देशांच्या नागरिकांना तर शेंगेनमधल्या विमानतळाबाहेर पाऊल न टाकता विमान बदलायचं असलं, तरी एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो. तिकिटं आयोजक काढत असतील तर हे बघणं आयोजकांचंच काम आहे. प्रवाशाला ते विमानतळावर कळता कामा नये.

व्हिसा ही खासगी बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१८ साल आठवावं. मॉन्ट्रियलला न्यूरिप्स ही कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी परिषद होती आणि तिथल्या ‘ब्लॅक इन एआय’ या कृष्णवर्णीय संशोधकांच्या कार्यशाळेला येणाऱ्या कितीतरी संशोधकांना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला तेच. २०२२ मध्ये मॉन्ट्रियललाच आंतरराष्ट्रीय एड्स परिषद झाली. ज्या खंडाला या आजाराची सर्वाधिक झळ बसली, त्या आफ्रिकेतले अनेक प्रतिनिधी व्हिसाअभावी पोहोचू शकले नाहीत. त्या खोलीत जी चर्चा झाली ती त्यांच्याविषयी झाली, त्यांच्याशी झाली नाही.

याच एड्स परिषदेने एकेकाळी ठाम भूमिकाही घेतलेली आहे. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती, म्हणून १९९२ ची परिषद बॉस्टनहून काढून अ‍ॅमस्टरडॅमला नेली. बंदी २०१० मध्ये उठली आणि २०१२ ची परिषद वॉशिंग्टनला झाली. जागा बदलता येते, हे यातून दिसतं. आयसीएलआर ही कृत्रिम बुद्धिमत्तेचीच परिषद २०२३ मध्ये आफ्रिकेत, रवांडातल्या किगालीला भरली. २०२५ च्या न्यूरिप्सने सॅन डिएगोबरोबर मेक्सिको सिटीतही दुसरं केंद्र उघडलं. त्याच्या कितीतरी आधी, २००६ साली, वर्ल्ड सोशल फोरम हा सामाजिक चळवळींचा जागतिक मेळावा बामाको, काराकास आणि कराची अशा तीन शहरांत विभागून भरला होता.

मला ही केंद्रांची पद्धत मनापासून पटते, फक्त एका अटीवर. दुसरं केंद्र म्हणजे ज्यांना पहिल्या केंद्राचा व्हिसा मिळाला नाही त्यांना बसवायची जागा, असं होऊ नये. प्रमुख भाषणं तिथूनही व्हावीत, अध्यक्षपद तिथेही असावं. नाहीतर सीमा आपण विमानतळावरून उचलून सभागृहात आणली, एवढंच.

बैठकीत शेवटी ठरलं की पंधरा दिवसांत सगळ्या वक्त्यांची पासपोर्टनुसार यादी करायची, कुणाला कुठल्या शहरासाठी काय लागतं ते त्यात भरायचं, आणि मगच फळ्यावर बाण काढायला घ्यायचे. ती संशोधिका या वेळीही आहे. तिचं सत्र पहिल्याच शहरात ठेवा, असं मी आजच लेखी कळवलंय, आणि तिचं निमंत्रणपत्र लिहून तयार आहे. दुसऱ्या प्रवेशाचं वाक्य त्यात अगदी वरून दुसऱ्या ओळीत आहे.