प्रश्नचिन्ह दाबा म्हणे! कुठलं दाबू?

पडद्याच्या तळाला एक ओळ येते: "की इज नॉट बाउंड. प्रेस प्रश्नचिन्ह फॉर हेल्प." मट, म्हणजे टर्मिनलात चालणारा मेलचा प्रोग्राम, वापरणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ तोंडपाठ असते. बरं, घेऊया मदत. शिफ्ट धरून प्रश्नचिन्ह दाबलं. परत तीच ओळ. परत दाबलं, परत तीच. अरे, जे दाब म्हणतोस तेच दाबतोय की रं लेका!

कारण अगदी साधं आहे, म्हणून तर डोकं जास्त फिरतं. मजकूर मराठीत लिहून झाला, एडिटर बंद केला, मटचा पाठवायचा पडदा समोर आला, पण कीबोर्ड अजून इनस्क्रिप्टवरच, म्हणजे देवनागरीच्या मांडणीवरच आहे. इनस्क्रिप्टवर प्रश्नचिन्हाच्या जागी नुक्तावाला य़ बसलाय. पाठवायला वाय दाबावा तर ब जातो. बाहेर पडायला क्यू दाबावा तर औकाराची मात्रा. यादीत जाऊन डिलीटचा डी दाबावा तर नुसता हलन्त, शोधायची तिरकी रेघ दाबावी तर य. देवनागरीचं एक अक्षर म्हणजे यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट. मटच्या यादीत त्यातला एकही कशाला बांधलेला नाही. त्यामुळं दर वेळी तेच रडगाणं, प्रश्नचिन्ह दाबा.

आणि हे आधी लक्षात का येत नाही? नॅनो एडिटरात कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स असं करून बाहेर पडलं तर सगळं बिनबोभाट चालतं. कंट्रोल धरलेला असला की जीनोम टर्मिनलसारखं टर्मिनल त्याच बटणावरचं इंग्रजी अक्षर स्वतः हुडकून घेतं. एकटं अक्षर दाबलं की ती समजूत संपली. म्हणजे कंट्रोल चालतोय, साधं अक्षर नाही, अन् माणूस समजतो प्रोग्रामच अडकला. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फौंड्रीत संध्याकाळी कोटेशन धाडायचंय, लांबचा सर्व्हर एसएसएचनं जोडून उघडलाय, बाहेर पाऊस अन् नेट मरतुकडं; अशा वेळी खिडकीच बंद करून टाकतात लोक. उपाय काय, तर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेस. बास. लेआउट आपल्या लॅपटॉपवर बदलतो, सर्व्हरवर नव्हे, तेव्हा तिकडच्या सेटिंगात डोकं घालण्यात काहीच अर्थ नाही. पण 3 बाइट आलेले दिसतायत तर "कीबोर्ड बघ जरा" एवढं सांगायला काय जीभ झिजते काय?

बरं, प्रश्नचिन्ह लागलं असं धरू. मटची मदत उघडली. यादी लावलीय कशी? कामाप्रमाणं नाही, बटणाच्या कोडप्रमाणं. म्हणजे कंट्रोलवाले पहिल्या रांगेत. माणूस आलाय उत्तर कसं द्यायचं ते बघायला, आणि वरच्या चार-पाच ओळींतच त्याला कळतं की कंट्रोल-एफनं मेमरीतला पासफ्रेज पुसतात. कुणी विचारलं होतं? आर आणि डी कुठंतरी खाली, दोन पडदे उलटल्यावर. तिरकी रेघ मारून "रिप्लाय" शोधता येतं, पण ते माहीत असलेल्या माणसाला मदत लागेलच कशाला! आणि तळाशी "अनबाउंड फंक्शन्स" म्हणून आणखी एक ढीग: ही कामं आहेत, पण बटण नाही, तुमचं तुम्ही बघा. मंडईत तराजू हातात देऊन "तुमचं तुम्ही मोजून घ्या" म्हणण्यातला प्रकार.

आता विम एडिटरमधून आलेल्यांची फरफट. तिथं कंट्रोल-डी म्हणजे अर्धा पान खाली. मटच्या यादीत तेच बटण अख्ख्या धाग्यावर डिलीटची खूण मारतं. एक मेल नाही, पूर्ण धागा, म्हणजे मेल आणि तिच्यावरची सगळी उत्तरं. कंट्रोल-यू दाबलं तर धागा परत येतो, आणि विममध्ये कंट्रोल-यू म्हणजे अर्धा पान वर! त्यामुळं वर-खाली फिरणाऱ्याला वाटतं आपण पान सरकवतोय, आणि इकडं मेलवर डीच्या खुणा लागतायत, निघतायत. खरं अर्धं पान चौकटी कंसांवर आहे. खाली टोकाला जायला कॅपिटल जी दाबावा तर मट पीओपी सर्व्हरवरून मेल आणायला निघतं, आणि सेटिंग नसलं की उलट आपल्यालाच ऐकवतं की होस्ट ठरवलेला नाही. शेवटच्या मेलवर जायला तारा (*), पहिल्यावर जायला बरोबरचं चिन्ह. मेल उघडल्यावर इंग्रजी जे अक्षर (j) दाबलं तर वाटतं एक ओळ खाली जाईल. छे! पुढची मेलच उघडते. एक ओळ खाली जायला एंटर, वर यायला बॅकस्पेस. जगात भारी डोकं चालवलंय.

चूक झालीच तर एक्स लक्षात ठेवा. मटमध्ये छोटा एक्स म्हणजे खुणा टाकून देऊन बाहेर, काहीही न पुसता. डॉलर दाबला तर खुणा पक्क्या होतात, आधी विचारतं तेवढं खरं. पण हेच बोट घेऊन अल्पाइन या दुसऱ्या मेल प्रोग्रामात गेलात की संपलं: तिथं एक्स म्हणजे एक्स्पंज, डीची खूण असलेल्या मेल कायमच्या पुसायच्या. विचारतं तेही, पण घाईत होय म्हणणारं बोट थांबतंय कुठं? एकाच अक्षराचे दोन अर्थ, आणि तेही बरोबर उलटे.

कंट्रोल-जीचीही तीच गत. अल्पाइनच्या लिहायच्या पडद्यावर कंट्रोल-जी म्हणजे मदत. नॅनोतही मदत. मटमध्ये तेच दाबलं की चाललेलं काम रद्द. म्हणजे पत्ता टाइप करता करता मदत मागितली की पत्ताच गेला.

अल्पाइनबद्दल तरी गोड बोलू म्हणलं तर तेही नाही जमत. पाइनचं काम 1989 साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं, अल्पाइन त्याचा वारसदार. तळाच्या दोन ओळींत 12 आज्ञा कायम दिसतात, ओ दाबला की पुढच्या 12. सेटिंगात एखाद्या पर्यायावर उभं राहून प्रश्नचिन्ह दाबलं तर त्याच पर्यायाची माहिती येते. हे झक्कास आहे, मान्य. पण लिहायच्या पडद्यावर मात्र बटणं कर्सर कुठं आहे त्यावर रंग बदलतात. कर्सर वर पत्त्याच्या भागात असेल तर कंट्रोल-जे म्हणजे फाइल जोडा. खाली मजकुरात आला की तेच कंट्रोल-जे परिच्छेद जुळवतं.

म्हणजे असं बघा. गुळाची यादी लिहिलीय:

रवे 10 किलोचे, 20 नग
क्यूब 1 किलो, 50 पाकिटं
पावडर अर्धा किलो, 40 पाकिटं

फोटो जोडायचा म्हणून कंट्रोल-जे दाबलं, पण कर्सर मजकुरातच राहिला होता. तिन्ही ओळी एकमेकींना चिकटून एक सलग वाक्य: रवे 10 किलोचे, 20 नग क्यूब 1 किलो, 50 पाकिटं पावडर अर्धा किलो, 40 पाकिटं. आता 20 नग रव्याचे का क्यूबचे, हे ज्याला मेल गेली त्यानं ओळखायचं! उपाय आहे: लगेच कंट्रोल-यू, तळाला अनजस्टिफाय असं दिसतंही. पण लगेच म्हणजे पुढचंच बटण. घाबरून एक बाण जरी दाबला तरी संधी गेली, कंट्रोल-यू पुन्हा पेस्टचं काम करायला लागतं आणि ओळी हातानं तोडत बसा. परिच्छेदांत एक रिकामी ओळ सोडली तर ते वेगळे राहतात. म्हणून अशा यादीत प्रत्येक ओळीनंतर एंटर दोनदा मारायचा. दिसायला घाण, पण चिकटत नाही.

आणि कंट्रोल-एक्स! नॅनो हा पिकोच्या धर्तीवर बनलेला, पिको पाइनच्या लिहायच्या पडद्यातून निघालेला. पिको-नॅनोत कंट्रोल-एक्स म्हणजे बाहेर पड. अल्पाइनमध्ये म्हणजे मेल धाड. दिवसभर नॅनोत काम करणाऱ्याचं बोट अर्धवट मेलवर कंट्रोल-एक्स मारतं, "पाठवू का?" येतं, होय आधीच निवडलेलं असतं, एंटरला मेल गेली. मेल बाजूला ठेवायला कंट्रोल-ओ, टाकून द्यायला कंट्रोल-सी. घरच्याच तीन प्रोग्रामांचं एकमत नाही, आणि आपण दोष देतो बोटांना.

एफ1 दाबायचा म्हणाल तर मटमध्ये त्यावर माहितीपुस्तक असतं खरं, पण जीनोम टर्मिनल ते मधल्यामधे उचलतं आणि स्वतःची मदत उघडतं. कंट्रोल-एस दाबलं तर पडदा थिजतो. मेलेला नसतो, कंट्रोल-क्यूनं जागा होतो. शेलच्या बॅशआरसी फाइलमध्ये "एसटीटीवाय -आयएक्सओएन" घातलं की ती कटकट बंद. एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारं टीमक्स कंट्रोल-बी खातं, तसलंच स्क्रीन कंट्रोल-ए खातं.

मटमध्ये निदान बदलता तरी येतं. सेटिंगच्या फाइलीत बाइंड लिहा, मग इंडेक्स (म्हणजे मेलची यादी), मग बटण, मग काम. कंट्रोल-डी हवं तर उलटी तिरकी रेघ, कॅपिटल सी आणि डी, पुढं हाफ-डाउन. विमसारखं दोनदा जी हवं असेल तर आधी एकट्या जीला नूप (म्हणजे काहीच करू नको) करा, नाहीतर तो सगळ्यांना उत्तर देण्याच्या कामावर आधीच बसलाय. आणि इंडेक्सला लिहिलेलं उघडलेल्या मेलला लागू होत नाही, तिथं इंडेक्स, स्वल्पविराम, पेजर असं दोन्ही लिहायचं, मध्ये स्पेस न सोडता. कुठलं बटण प्रोग्रामपर्यंत नेमकं काय होऊन पोचतंय ते बघायला विसर्गासारखं कोलन मारून "एक्झेक व्हॉट-की" लिहा. झकास सोय आहे. मूळ बांधणीत तिला एकही बटण दिलेलं नाही, सापडते त्या तळाच्या ढिगात. आणि कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असताना ते कोलनसुद्धा लागत नाही, तिथं छ येतो.