‘कर शून्य झाला, आता आखूड रायफल बांधा’: एका संदेशाचा प्रतिवाद

टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, “मामा, मग लोअर कोणता घेऊ?” संदेशाचा आशय असा: १ जानेवारी २०२६पासून आखूड नळीच्या रायफलीवरचा, म्हणजे एसबीआरवरचा, २०० डॉलरचा कर शून्य झाल्यामुळे परवानगीची कटकट संपली आहे, लोअर रिसीव्हर (ट्रिगर आणि मूठ जिच्यात बसते ती रायफलीची खालची चौकट) हा ॲल्युमिनियमचा सुटा भाग असल्यामुळे तो कोणीही घ्यावा, व्हिसावर असाल तर शिकारीचा परवाना काढावा, नाहीतर नागरिक असलेल्या मित्राच्या नावावर घ्यावा, आणि घ्यायचाच तर महागडा बिलेट (धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला) लोअर घ्यावा, कारण आखूड नळीच्या दाबाने साधा लोअर फुटतो. इतक्या थोड्या ओळींत इतके घातक सल्ले बसवणे हेही एक कसबच म्हणायचे.

कराबद्दलचे अर्धसत्य आधी मान्य करून टाकतो. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने एसबीआर आणि सायलेन्सर यांच्यावरचा कर खरोखरच शून्यावर आणला. मशीनगनवरचा मात्र तसाच ठेवला. पण कर हा १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टचा एक भाग होता, सगळा कायदा नव्हे. त्या कायद्याचे कलम ५८२२ दोन मिनिटांत वाचून होते आणि संदेशातल्या निम्म्या गोष्टींचा निकाल ते एकटेच लावते. शस्त्र बनवण्यापूर्वी पाच अटी पुऱ्या कराव्यात, असे ते सांगते: लेखी अर्ज करावा, लागू असेल तो कर भरावा, बनवायच्या शस्त्राची ओळख द्यावी, बोटांचे ठसे आणि छायाचित्रासह स्वतःची ओळख द्यावी, आणि मंजुरी हाती यावी. यांपैकी फक्त दुसरी अट शून्य झाली आहे. उरलेल्या चारही अटी जागच्या जागी आहेत आणि मंजूर झालेला फॉर्म १, म्हणजे हाच लेखी अर्ज, हाती येण्याआधी १६ इंचांहून आखूड नळीचा अपर (रायफलीचा वरचा अर्धा भाग) स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, लावलेल्या लोअरवर बसवला, तर दहा वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो.

हा कायदा विचित्र आहे, ही तक्रारही मला ऐकावी लागते आणि ती अगदीच खोटी नाही. १९३४च्या मूळ विधेयकाच्या कक्षेत पिस्तुलेही होती आणि रायफल कापून तिचे पिस्तूल करण्याची पळवाट बुजवण्यासाठी आखूड नळीचे कलम आले. पुढे पिस्तुले वगळली गेली, पळवाट बुजवणारे कलम तेवढे मागे राहिले. पण कायदा विचित्र असणे वेगळे आणि तो रद्द होणे वेगळे. (नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र परवाना भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम ६ही मागते, तेव्हा ही केवळ अमेरिकेची लहर आहे असेही नाही.)

लोअर हा ‘सुटा भाग’ आहे, हे विधान तर साफ उलटे आहे. एआर-१५ प्रकारच्या रायफलीत अपर, नळी, बोल्ट, स्टॉक हे सारे सुटे भाग म्हणून घरपोच येतात. सिरियल नंबर असलेला लोअर मात्र एकटाच, रिकामा असला तरी, कायद्याच्या दृष्टीने बंदूक असतो. म्हणूनच तो परवानाधारक डीलरकडून फॉर्म ४४७३ हा बंदूक-खरेदीचा संघीय अर्ज भरून आणि पार्श्वभूमी तपासणी होऊनच मिळतो.

आता ज्या दोन सल्ल्यांमुळे मी लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे आणि शिकारीचा वैध परवाना हा त्या बंदीला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे, इतके खरे. परंतु तो अपवाद परवाना जिवंत असेपर्यंतच टिकतो. टेक्सासचे बहुतेक शिकार परवाने ३१ ऑगस्टला संपतात. १ सप्टेंबरला नवा परवाना खिशात नसेल, तर कपाटात पडून असलेला तो लोअर, त्याला हातही न लावता, गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकतो, आणि या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२पासून पंधरा वर्षे आहे. शिवाय शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला हद्दपार करता येते, अशी तरतूद स्थलांतर कायद्यात आहे आणि तिच्यातून ग्रीन कार्डधारकही सुटत नाहीत. संदेश लिहिणाऱ्याचे यात काहीच जात नाही. ज्याने तो खरा मानला, त्याची नोकरी, घर आणि मुलांची शाळा एका निकालाने जाऊ शकते.

मित्राच्या नावावर घेण्याचा सल्ला याहून वाईट आहे, कारण तो मित्रालाही बुडवतो. फॉर्म ४४७३वरचा पहिलाच खरा प्रश्न ‘प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच आहात का’ असा असतो. अब्राम्स्की खटल्यात एका माजी पोलिसाने आपल्या काकांसाठी त्यांच्याच पैशांनी पिस्तूल घेतले होते. काकांना ते कायद्याने स्वतःही घेता आले असते, तरीही फॉर्मवर खोटे उत्तर दिल्याबद्दलची त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कायम ठेवली. जिथे खरा खरेदीदार पात्र होता तिथे ही गत झाली, तर जिथे तो बंदीत बसतो तिथे काय होईल हे सांगायला वकील लागत नाही.

धातूचा मुद्दा थोडक्यात. चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीतला, दाब ती मागून बंद करणाऱ्या बोल्टचे दाते आणि ते ज्यात अडकतात ते बॅरल एक्स्टेन्शन पेलतात. ते दोन्ही अपरमध्ये असतात, लोअरमध्ये नव्हे. आखूड नळीत गॅस पोर्टवरचा (बोल्ट ढकलण्यासाठी नळीतला वायू बाहेर घेणाऱ्या भोकावरचा) दाब जास्त असतो आणि त्यामुळे बोल्ट जोराने मागे येतो, हे खरे. पण त्यावर उपाय बोल्टचा धक्का झेलणाऱ्या बफरचे वजन आणि पोर्टचा आकार हा आहे. ७०७५-टी६ मिश्रधातूचा साधा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) लोअर अमेरिकी सैन्य कित्येक दशके वापरत आले आहे. बिलेट लोअर दिसायला देखणा असतो, त्याचे जादा पैसे त्यासाठीच.

ज्याला कायद्याने एसबीआर बनवता येते, त्याने लोअर निवडताना पाहायच्या गोष्टी निराळ्याच आहेत आणि त्यांतली एकही संदेशात नाही. नोंदणी लोअरच्या सिरियल नंबरशी बांधलेली असते: अपर पुढे कितीही बदलता येतात, लोअर बदलला की नवा अर्ज. बनवणाऱ्याचे नाव, गाव आणि राज्य लोअरवर निदान ०.००३ इंच खोल कोरावे लागते, तेव्हा कोरायला सपाट जागा आहे का, हे आधी पाहावे. बफर ट्यूब (बफर ज्यात असतो आणि स्टॉक जिच्यावर बसतो ती मागची नळी) मिल-स्पेक, म्हणजे सैनिकी मापाची, आहे की कमर्शिअल, म्हणजे बाजारी मापाची, हेही स्टॉक घेण्यापूर्वी तपासावे, कारण दोन्हींचे व्यास वेगळे असतात.

राहता राहिली राज्ये. अर्ज करणाऱ्याला ते शस्त्र बाळगणे कायद्याने शक्य नसेल तर अर्ज नाकारावा, असे तेच कलम ५८२२ सांगते आणि न्यू जर्सी व कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला एसबीआर बाळगताच येत नाही. टेक्सासमध्ये रीतसर नोंदवलेली रायफलसुद्धा राज्याबाहेर नेण्याआधी एटीएफ या संघीय शस्त्र-नियामक संस्थेची वेगळी मंजुरी लागते. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधल्या ज्या मंडळींनी हा संदेश ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पुढे ढकलला, त्यांना त्यांच्या स्वतःच्या राज्यात तशी रायफल बांधताच येणार नव्हती.