शिकागोत कायदा आहे, तरी गोळ्या का चालतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या राज्यांच्या बंदूक-कायद्यांवरचा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन. गुन्हेगार कायदा पाळत नाही, त्यामुळे परवान्याचा जाच फक्त सरळमार्गी माणसाला होतो. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये कडक कायदे असूनही शिकागोत माणसं मरतच आहेत. आणि खरा रोग मनाचा आहे, बंदुकीचा नाही. एका राज्याने कायदा करणं म्हणजे गावाला वेस नसताना एका घराला कुलूप लावणं, असंही तुम्ही म्हणता.

कुलपाचं तुमचं म्हणणं शिकागोला तंतोतंत लागू पडतं. 2013 ते 2016 या काळात तिथल्या पोलिसांना गुन्ह्यांमध्ये सापडलेल्या बंदुकांचा माग काढला, तेव्हा सुमारे 60 टक्के बंदुका इलिनॉयच्या बाहेर विकल्या गेल्याचं दिसलं. महापालिकेचा 2017 चा अहवाल हे सांगतो. पाचातली एक तर एकट्या इंडियानाची. शहराच्या आग्नेय टोकाला रस्ता ओलांडला की इंडियाना लागतं, आणि तिथे खाजगी विक्रेत्याला ग्राहकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासण्याची सक्ती नाही. पण यावरून इलिनॉयचा कायदा निरुपयोगी ठरत नाही. शेजारच्या राज्याचा ढिलेपणा शिकागोतली माणसं भोगतात, एवढंच यातून कळतं.

इलिनॉयचा कायदा स्वतःच्या चुकीनेही फसला आहे. ते उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण कायदा नेमका कुठे तुटतो हे त्यात दिसतं. त्या राज्यात बंदूक बाळगायला 1968 पासून ओळखपत्र लागतं. 2014 मध्ये ऑरोरा शहरातल्या एका माणसाला ते मिळालं. 1995 मध्ये मिसिसिपी राज्यात त्याला गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली होती, पण नाव आणि जन्मतारखेवरून केलेल्या तपासणीत ती सापडली नाही. त्याने रीतसर पिस्तूल घेतलं. पुढे ते लपवून जवळ बाळगण्याचा परवाना मागताना त्याने बोटांचे ठसे दिले आणि जुनी शिक्षा लगेच समोर आली. ओळखपत्र रद्द झालं. 48 तासांत कार्ड परत करा आणि शस्त्राची काय विल्हेवाट लावली ते लिहून द्या, असं पत्र त्याला गेलं. त्याने काहीच केलं नाही. पिस्तूल घ्यायला त्याच्या दारात कुणी गेलं नाही. 15 फेब्रुवारी 2019 रोजी त्याच पिस्तुलाने त्याने कारखान्यातल्या पाच सहकाऱ्यांना मारलं.

तपासणीची जी पायरी खरी होती, म्हणजे ठसे, तिने आपलं काम चोख केलं. राहिली ती दारावर जाऊन शस्त्र ताब्यात घेण्याची पायरी. पत्र पाठवून बंदूक परत येत नसते. इलिनॉयने 2021 मध्ये कायदा सुधारला आणि रद्द झालेल्या ओळखपत्रांच्या मागे जाणाऱ्या पथकांसाठी पैशांची तरतूद केली. कॅलिफोर्नियात तर अशा लोकांची स्वतंत्र यादीच आहे : बंदूक कायदेशीर घेतली, नंतर अपात्र ठरले. त्या यादीत वीस हजारांहून जास्त नावं आहेत, आणि दारोदार जाणारी माणसं कमी पडतात. कुठल्याही राज्याचा कायदा जोखताना मी आधी हे पाहतो की शस्त्र परत आणायला माणूस नेमलाय का.

आता सरळमार्गी माणसाच्या जाचाबद्दल. कनेक्टिकटने 1995 मध्ये पिस्तूल खरेदीआधी परवाना सक्तीचा केला : वय 21 पूर्ण, स्थानिक पोलिसांकडे स्वतः जाऊन अर्ज, ठसे, किमान आठ तासांचं सुरक्षा प्रशिक्षण. मिसुरीने उलट केलं. तिथे 1921 पासून पिस्तुलासाठी शेरीफकडून, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाकडून, परवाना घ्यावा लागे. 2007 मध्ये तो कायदाच रद्द झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दोन्ही राज्यांचा अभ्यास पुन्हा केला. कायदा नसता तर काय झालं असतं, या अंदाजाशी तुलना करता कनेक्टिकटमध्ये बंदुकीने होणाऱ्या हत्या 28 टक्क्यांनी कमी आणि मिसुरीत 47 टक्क्यांनी जास्त निघाल्या. गुन्हेगार परवाना काढत नाही, हे खरंच. पण त्याच्यासाठी खरेदी करणारा मित्र किंवा मैत्रीण पोलिसांसमोर ठसे द्यायला कचरते. चोरबाजारातली बहुतेक बंदूकही आधी कुठल्यातरी दुकानातूनच निघालेली असते.

एका बाबतीत मात्र तुमचा आक्षेप मला मान्य आहे. परवाना न ठेवता फक्त प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली, तर फरक दिसेलच असं नाही. कॅलिफोर्नियाने 1991 मध्ये तसं केलं होतं. पुढच्या दहा वर्षांत बंदुकीच्या हत्या किंवा आत्महत्या यांत त्या कायद्यामुळे घट झाल्याचं अभ्यासात आढळलं नाही.

मनाच्या रोगाचा मुद्दा मात्र उलटा धरावा लागेल. अमेरिकेत 2023 मध्ये बंदुकीने सुमारे 46,700 माणसं गेली, त्यातल्या 27,300 आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीवघेणे ठरतात. याउलट जी माणसं आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचतात, त्यांतली बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे त्या काही दिवसांपुरती बंदूक घरात नसणं, एवढ्यावर एक आयुष्य उभं असतं. धोका दिसला की न्यायालयाच्या आदेशाने काही काळापुरत्या बंदुका काढून घेणारे "रेड फ्लॅग" कायदे त्यासाठीच आहेत. आपल्याकडे आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायला सांगतात. त्याने कुणी गुन्हेगार ठरत नाही, काळ नाजूक असतो म्हणून. तत्त्व तेच, फक्त एका घरापुरतं. रेड फ्लॅग कायद्यात न्यायाधीश आजाराचं नाव विचारत नाही. धमक्या, मारहाण, नुकतीच घेतलेली बंदूक, अशी वागणूक पाहतो. कनेक्टिकटने 1999 मध्ये याची सुरुवात केली. तिथल्या नोंदींवरून साधारण दर 10 ते 20 जप्त्यांमागे एक आत्महत्या टळल्याचा अंदाज आहे.

हा कायदाही वापरला तरच उपयोगी. शिकागोजवळच्या हायलंड पार्कच्या 4 जुलै 2022 च्या मिरवणुकीत सात जणांना मारणाऱ्या तरुणाच्या घरून पोलिसांनी 2019 मध्येच सोळा सुरे, एक खंजीर आणि एक तलवार नेली होती. इलिनॉयमध्ये रेड फ्लॅग कायदा तेव्हा होता, पण न्यायालयात अर्ज कुणीच केला नाही. फ्लोरिडा हे बंदूकप्रेमी राज्य, तिथे अर्ज फक्त पोलिसच करू शकतात, तरीही तिथे हा कायदा भरपूर वापरला जातो.

तुम्ही न्यू जर्सीत राहता असं लिहिलंय, म्हणून तिथली पद्धत सांगतो. 1 सप्टेंबर 2019 पासून घरचं माणूस थेट सुपीरियर कोर्टात किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात अर्ज करू शकतं. अर्जात धमकी कधी, कुणासमोर, कोणत्या शब्दांत दिली ते तारखेसह लिहा, फोनवरचे संदेश जोडा आणि घरात बंदुका किती, कुठे ठेवल्या आहेत तेही लिहा. "तो विचित्र वागतो" एवढ्यावर आदेश मिळणं अवघड. तात्पुरता आदेश निघाला की बंदुका, काडतुसं आणि खरेदीचं ओळखपत्र जमा करावं लागतं, आणि अंतिम सुनावणी दहा दिवसांत होते. त्या सुनावणीला अर्जदाराने हजर राहावं. धोका याच क्षणी असेल तर 911, आणि कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर 988 वर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो.

मूळ लेखात मी "सर्व तपासण्या हत्या कमी करतात" असं सरसकट लिहिलं होतं. ते वाक्य काढून तिथे कॅलिफोर्नियाचा हा अनुभव घातला आहे.